हद्दीबाहेर गेलेलं चित्र

मी तीस वर्षं नेटवर्कची कामं केली. त्यातली निदान निम्मी 'हे आणखी कोण बघतंय?' या एकाच प्रश्नाची होती. बँक असो, कॉलेज असो की हॉस्पिटल, गिऱ्हाइकाच्या मनात कोणाबद्दल तरी संशय आलेला असायचा आणि तो खरा की खोटा हे मी सांगावं अशी अपेक्षा असायची. घरी फणसवाडीत शेजारच्या बायका विचारायच्या, "तू वायरी जोडतेस म्हणजे नक्की काय करतेस गं?" मी सांगायचे, "वायरी जोडायला माणसं आहेत. कुठल्या वायरीतून काय जाऊ द्यायचं नाही, ते मी बघते."

ते थोडं समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. समजा, एका खोलीत कॅमेरा चालू आहे आणि त्याचं चित्र वेगवेगळ्या ठिकाणी शंभर जणांना बघायचंय. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवली तर वायर भरून जाते. सगळ्यांच्याच माथी मारली तर ज्यांना नको त्यांचीही यंत्रं गुदमरतात. म्हणून तिसरी रीत निघाली, मल्टिकास्ट. चित्राला एक गट-क्रमांक द्यायचा. ज्याला हवं त्याच्या यंत्राने 'मला या गटात घ्या' म्हणायचं. मग वाटेतले राउटर जिथे फाटा फुटतो तिथेच एक प्रत काढतात आणि मागणाऱ्यापर्यंत पोहोचवतात.

सोय मोठी आहे, पण तिच्यात एक खोट आहे. पाठवणाऱ्याला कळतच नाही की ऐकतंय कोण. त्याच्याकडे यादी नसते. जो मागेल त्याला मिळतं. म्हणून हद्द घालावी लागते. २३९ ने सुरू होणारे गट-क्रमांक घरच्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते कुठपर्यंत जावेत हे ज्याचं नेटवर्क त्याने ठरवायचं, आणि राउटरच्या ज्या दारातून रस्ता बाहेर जातो त्या दारावर लिहून ठेवायचं, की या गटाला इथून पुढे सोडू नये. आम्ही त्याला बाउंडरी म्हणतो. एका ओळीचं काम. पण ती ओळ राउटरवर एकदा लिहून भागत नाही, प्रत्येक दारावर वेगळी लिहावी लागते. हे मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना इतक्या वेळा सांगितलंय की ती मागून माझी नक्कल करायची.

ऑपेरा हाउसजवळच्या एका हिऱ्याच्या व्यापाऱ्याने मला एकदा बोलावलं होतं. त्याच्या तिजोरीच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र खालच्या मजल्यावरचा दुसरा व्यापारी बघतो, अशी त्याची खात्री होती. दोघांचं नेटवर्क इमारतीच्या एकाच कपाटातून जायचं. "मॅडम, वायर चेक करो. भतीजे पे शक मत करना, वो घर का है," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. मी तीन दिवस एकेक दार तपासलं. बाउंडरी सगळीकडे होती. चौथ्या दिवशी त्याचा पुतण्या जिन्यात खालच्या व्यापाऱ्याला स्वतःच्या मोबाइलवर ती खोली दाखवताना सापडला. व्यापारी माझ्यापुढे खुर्चीत बसून राहिला. मी मात्र खूश होते. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं मी त्यानंतर जिथेतिथे सांगत सुटले.

परळचं हॉस्पिटल माझ्याकडे आलं ते त्यानंतर काही वर्षांनी. ते चालवणाऱ्या ट्रस्टचंच दादरला नर्सिंगचं कॉलेज होतं. दोन्ही इमारती एका भाड्याच्या लाइनने जोडलेल्या होत्या. हॉस्पिटलच्या थिएटर दोनमध्ये शिकवण्यासाठीच्या शस्त्रक्रिया व्हायच्या आणि त्यांचं चित्र त्याच इमारतीतल्या सभागृहात शिकाऊ डॉक्टरांना दिसायचं. कॉलेजला फक्त व्याख्यानं जायची. व्याख्यानांच्या गटाला सोडायचं, थिएटरच्या गटाला अडवायचं, अशी बाउंडरी मी दादरला जाणाऱ्या दारावर स्वतःच्या हाताने घातली होती.

थिएटरचा कॅमेरा मिलिंद तांबे सांभाळायचा. पस्तिशीचा, नायगावच्या चाळीत वाढलेला, कंत्राटावर काम करणारा तंत्रज्ञ. बोलायला कमी. सकाळी सफाईच्या बायकांना 'जय भीम मावशी' म्हणत आत यायचा आणि थेट आपल्या वायरींकडे वळायचा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्याच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या असायच्या. रुग्णाला टेबलावर घेतल्यापासून अंगावर चादरी लागेपर्यंत तो कॅमेऱ्यावर हिरवं फडकं टाकून ठेवायचा. मी एकदा विचारलं, हे कोणी सांगितलं? "कोणी नाही, मॅडम. मलाच बरं नाही वाटत," तो म्हणाला.

मग ती क्लिप निघाली. पंधरा-वीस सेकंदांची. एका बाईच्या पोटावरची शस्त्रक्रिया, आणि चादरीतून बाहेर राहिलेला डावा हात, त्यावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं. मोबाइलवरच्या एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जात ती लालबागला त्या बाईंच्याच इमारतीत पोहोचली. गोंदणावरून सगळ्यांनी ओळखलं. मुलगा हॉस्पिटलमध्ये येऊन उभा राहिला. आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाला, "आईला मी काय सांगू ते तुम्ही सांगा." चौकशी चालू असतानाच दोन आठवड्यांनी आणखी एक क्लिप निघाली, दुसऱ्या रुग्णाची.

हॉस्पिटलच्या संगणक विभागाचे प्रमुख देसाई. त्यांनी दोन्ही शस्त्रक्रियांच्या तारखा काढल्या. दोन्ही गुरुवार, दोन्ही सकाळी अकराच्या पुढे, दोन्ही वेळा कॅमेऱ्यावर मिलिंद. चौथ्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत आम्हाला बोलावलं. अधीक्षक मॅडम होत्या, देसाई होते, सुरक्षा विभागाचा एक माणूस होता. मिलिंद उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याला बस म्हणून कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

सुरक्षावाल्याने त्याची बॅग टेबलावर रिकामी केली. डबा, चार्जर, दोन कनेक्टर, आणि घडी घातलेलं हिरवं फडकं.

"हे काय?" देसाईंनी विचारलं.

"कॅमेऱ्यावर टाकायचं, सर."

त्याचा मोबाइल आधीच काढून घेतला होता. त्यात काही सापडलं नव्हतं. "पुसून टाकलं असेल," देसाई म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, नेटवर्कमधून गेलं असण्याची शक्यता?"

"नाही."

"नक्की?"

"बाउंडरी मी स्वतः घातलेली आहे. आज सकाळीच परत बघितली."

मिलिंद पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मॅडम, एकदा पूर्ण बघून घ्या ना. प्लीज."

"बघितलंय मी," मी म्हटलं. आवाज थोडा चढलाच असावा. माझ्या कामावर शंका घेतल्याचं मला लागलं होतं.

ती क्लिप मला दाखवली नव्हती. रुग्णाचा खासगीपणा म्हणून अधीक्षक मॅडमनी ती कोणालाच दाखवायची नाही असं ठरवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मीही मागितली नाही. न बघताच दोन पानी अहवाल लिहून दिला, की हे चित्र नेटवर्कमार्गे बाहेर जाऊ शकत नाही, थिएटरमधल्या पडद्यावरून कोणीतरी ते प्रत्यक्ष टिपलं असावं. 'कोणीतरी' असा शब्द मी वापरला. कोण, ते सगळ्यांना कळत होतं.

लिफ्टमधून उतरताना देसाई म्हणाले, "नायगावच्या चाळीतला आहे तो. तुम्हाला कळलं ना, मला काय म्हणायचंय?"

मला कळलं होतं. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. आजही त्या दिवसातलं मला सर्वांत जास्त काय टोचत असेल तर ते एवढंच. अहवाल चुकतो माणसाचा. पण तिथे 'नाही' म्हणायला मला कुठलंही यंत्र तपासावं लागणार नव्हतं.

मिलिंदचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. क्लिपा थांबल्या. देसाई हाच पुरावा म्हणून सांगायचे: बघा, तो गेला आणि बंद झालं. प्रकरण झाल्यावर थिएटरचं थेट चित्रच बंद ठेवलेलं आहे, त्यामुळे चोरायला काही उरलेलं नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

महिन्याभराने देसाईंचा फोन आला. परबांचं कुटुंब, म्हणजे पहिल्या क्लिपमधली बाई आणि तिचा मुलगा, तक्रार मागे घ्यायला तयार नव्हतं. "तुम्ही बाईमाणूस आहात. जाऊन जरा समजावा. आता सगळं सुरक्षित आहे म्हणून सांगा."

मी लालबागला गेले. सुमती परब माझ्याच वयाच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर त्यांनी खानावळ चालवून घर ओढलं. अंगावर पूर्ण बाह्यांचं ब्लाउज होतं, उन्हाळा असून. मी सुरक्षेबद्दल बोलायला लागले तसं त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"बाय माझ्ये, तुझा इंग्लिश माका कळाचा नाय. तू तां बघलंस काय?"

"नाही बघितलं. बघू नये म्हणून—"

"सगळ्या इमारतीन बघल्यानी. जेका बघूक होया तेणाच बघूक नाय." त्यांनी सुनेला हाक मारली. "दाखव गो हेंका."

सुनेने संकोचत मोबाइल पुढे केला. मी बघितलं. बघताना माझं लक्ष रुग्णाकडे गेलंच नाही, हे लिहायला लाज वाटते. पहिल्या दोन सेकंदांत चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर ४१ हा आकडा. मग ती विरून गेली.

ती पट्टी मला ठाऊक होती. नेटवर्कवरचे गट टीव्हीवर चॅनलसारखे दाखवणाऱ्या छोट्या डब्यावर चॅनल बदलला की ती दिसते. थिएटरमधल्या पडद्याला डबा नव्हता. सभागृहातही नव्हता, तिथे संगणक होता. त्या ट्रस्टच्या सगळ्या जागांमध्ये असे डबे एकाच ठिकाणी होते, दादरच्या कॉलेजात. आणि ते मीच निवडून दिले होते.

"काय झाला?" परबबाईंनी विचारलं.

"काही नाही. मला जरा तपासावं लागेल," मी म्हटलं आणि उठले. चहा तसाच राहिला.

जिना उतरताना माझ्या डोक्यात काय आलं असेल? माझी चूक? छे. मला पहिला संशय आला तो देसाईंचा. त्यांनी बाउंडरी काढून परत घातली असेल. मग कॉलेजच्या तंत्रज्ञाचा. मग असंही वाटून गेलं, की मिलिंदनेच दादरला कोणाला तरी फितवलं असेल. तो निर्दोष असेल ही शक्यता माझ्या मनात शेवटून दुसरी आली. शेवटची माझी स्वतःची.

राउटर नोंदी ठेवतो. मी घरी बसून मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढल्या. बाउंडरीला कोणी हात लावलेला नव्हता. पण दुसरंच काही दिसलं. परळ-दादर लाइन दर गुरुवारी अकराच्या सुमारास पडत होती आणि अर्ध्या तासाने परत येत होती. कोणाची तक्रार नाही, कारण एक जादा लाइन आपोआप काम सांभाळत होती. ती हॉस्पिटलच्या मागच्या नव्या इमारतीतून दादरला जायची. वर्षभरापूर्वी टाकलेली.

देसाईंच्या विजेच्या माणसाला फोन केला. गुरुवारी अकराला काय असतं?

"जनरेटरची टेस्ट, मॅडम. दर गुरुवारी. अर्धा तास मेन बंद करतो."

मुख्य लाइनचा एक छोटा डबा तळमजल्याच्या वीजखोलीत होता, आणि कोणीतरी त्याची पिन जनरेटर नसलेल्या साध्या प्लगमध्ये खोचली होती.

पुढच्या गुरुवारी मी दादरच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. थिएटर दोन त्या दिवशी रिकामं होतं, तिथल्या सिस्टरना विनंती करून कॅमेरा चालू करून घेतला होता. मुली वडा-सांबार खात होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर क्रिकेट लागलं होतं. कॅन्टीन चालवणाऱ्या शेट्टींकडून मी रिमोट मागून घेतला आणि चॅनलची यादी उघडून बसले. चाळीसपर्यंत आकडे होते. जो गट पोहोचू शकतो त्याचा आकडा हे डबे आपोआप यादीत घालतात. अकरा वाजले. अकरा वाजून चार मिनिटांनी यादी एकदा हलली आणि खाली एकेचाळीस आला. मी बटण दाबलं.

हिरवी पट्टी. मग थिएटर दोनचं टेबल, वरचे दिवे, बाजूचा रिकामा ट्रे. सगळं लख्ख.

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी मान वर करून म्हणाली, "अरे, हे परत लागलं?"

परत. मी तिला काही विचारलं नाही. ती क्लिप कोणी काढली हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी शोधलंही नाही. कॉलेजच्या प्राचार्य बाईंनी मुलींना एकत्र बसवून काय सांगायचं ते सांगितलं.

जादा लाइन म्हणजे राउटरला नवं दार. मुख्य लाइन पडली की दादरची मागणी त्या दाराने आत यायची आणि थिएटरचं चित्र त्याच दाराने बाहेर जायचं. त्या दारावर बाउंडरीची ओळ नव्हती. ती मी त्याच दिवशी घातली. त्या कामाचा कागद माझ्याच कपाटात सापडला. मी त्या आठवड्यात माटुंग्याच्या एका कामात अडकले होते आणि हे फोनवरून करून घेतलं होतं. 'सेटिंग' या रकान्यात माझ्या अक्षरात एकच शब्द होता: जुन्याप्रमाणेच. खाली माझी सही.

मी देसाईंना जाऊन सांगितलं. "तांत्रिक बिघाड म्हणून लिहू या," ते म्हणाले. "तुमचंही नाव राहील, आमचंही."

"बिघाड झालेला नाही. राउटरने सांगितलेलं बरोबर केलं. मी सांगायला विसरले आणि नंतर तपासलं नाही."

"मॅडम, तुमचं काम जाईल."

ते गेलं. पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला मिळालं, आणि त्यात मला काही अन्याय वाटत नाही. अधीक्षक मॅडमनी मिलिंदला पत्र पाठवलं, परत या म्हणून. तो आला नाही. माहीमच्या एका हॉलमध्ये त्याला ध्वनियंत्रणेचं काम मिळालं होतं. मी तिथे गेले. तो स्टेजवर वाकून वायर गुंडाळत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने आधी वायर पूर्ण गुंडाळली.

"मॅडम, तुमच्या मशीनची चूक कळायला तुम्हाला सहा आठवडे लागले," तो म्हणाला. "माझी चूक पहिल्या पाच मिनिटांत कळली होती सगळ्यांना."

त्याने गुंडाळी खाली ठेवली.

"माझी मुलगी नववीत आहे. तिला शाळेत विचारतात, तुझ्या पप्पांनीच काढला ना तो व्हिडिओ. मी तिला काय दाखवू? हॉस्पिटलचं पत्र?"

"काय करू सांग."

"मला बघायचंय. स्वतः. आणि ते सगळे तिथे हवेत."

परबबाईंकडे मी आधी एकटीच गेले आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे त्या पोराचा काय नाय होता?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "माका तेचा नाव कोणी सांगल्यानी तेव्हा मी तेका लय शिव्या घातलंय. तेका सांग माझा." नंतर मुलाकडून तक्रारीत दुरुस्ती करून घेतली, मिलिंदचं नाव काढून. माझं घातलं की नाही, मी विचारलं नाही.

त्या शनिवारी आम्ही पुन्हा चौथ्या मजल्यावर जमलो. तेच लोक, तोच सुरक्षावाला. अधीक्षक मॅडमनी मिलिंदला खुर्ची दिली. तो बसला नाही. मी अहवाल वाचला, माझ्या चुकीसकट. देसाई खाली बघत होते. वाचून झाल्यावर अधीक्षक मॅडम म्हणाल्या, "मिस्टर तांबे, आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटतंय."

मिलिंदने मान हलवली. मग मला म्हणाला, "राउटर उघडा."

मी लॅपटॉप जोडला. त्याने मला एकेक दार उघडायला लावलं. राउटरला अकरा दारं होती. बंद होती तीही त्याने सोडली नाहीत. प्रत्येक दारावरची बाउंडरीची ओळ त्याने स्क्रीनजवळ वाकून वाचली, खिशातल्या वहीत खूण केली आणि मगच पुढचं दार म्हणाला. एका ठिकाणी मी जरा घाईने पुढे सरकले. "मागे घ्या," तो म्हणाला. मी मागे घेतलं. अधीक्षक मॅडमनी घड्याळाकडे बघितलं.

"आता मेन लाइनची केबल काढा."

मी तळमजल्यावर जाऊन काढली आणि परत वर आले. त्याने थिएटर दोनचा कॅमेरा चालू करायला लावला, सभागृहात चित्र येतंय ना याची खात्री करून घेतली. मग मी दादरच्या कॅन्टीनला फोन लावला.

"शेट्टी, एकेचाळीस लावून बघा."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने शेट्टी म्हणाले, "एकेचाळीस नाहीच आहे, मॅडम. चाळीसवर संपतंय."

"नाहीये," मी खोलीत सगळ्यांना सांगितलं.

मिलिंदने हात पुढे केला. मी फोन दिला. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि फोन कानाला लावला.

"शेट्टी, मी मिलिंद तांबे बोलतोय," तो म्हणाला. "परत एकदा बघा. पहिल्यापासून. मी थांबतो."